श्लेषाचे शब्दकोडे कसे सोडवावे?

(बी. ए. भाग २ ची एक विद्यार्थिनी)

वर्तमानपत्रातील शब्दकोडे हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे, अशी पुष्कळांची समजूत असते. बसस्टँडवर गाडीची वाट पाहणारा मनुष्य, दुपारी गिऱ्हाईक नसलेला दुकानदार, सेवानिवृत्त झालेले गुरुजी असे लोक पेन्सिल घेऊन चौकोन भरीत बसलेले आपण पाहतो आणि पुढे निघून जातो. परंतु मराठी हा विषय घेऊन बी. ए. करणाऱ्या विद्यार्थ्याने या चौकोनांपाशी थोडे थांबावे, असे मला वाटते. ज्या कोड्यातील प्रत्येक सूचना श्लेषावर बेतलेली असते, ते कोडे सोडविणे म्हणजे अलंकार, व्याकरण, शब्दकोश आणि बोली या चारही विषयांची एकदम उजळणी करणे होय. शिवाय त्यात परीक्षेची भीती नसते.

प्रस्तुत लेखात असे कोडे कसे रचलेले असते, ते कसे सोडवावे आणि सोडविल्याने हाती काय लागते, याचा विचार करावयाचा आहे. माझे म्हणणे आधीच सांगून टाकते. चांगल्या श्लेषकोड्याचे उत्तर बरोबर आहे की चूक, हे दुसऱ्या कोणाला विचारावे लागत नाही. ते उत्तर स्वतःच आपली साक्ष देते. ज्यांच्या घरी आजवर ‘वाचता येणाऱ्याने सांगितले ते खरे’ हाच नियम चालत आला, त्या माझ्यासारख्या विद्यार्थ्यांना ही गोष्ट फार मोलाची आहे.

कोड्याचा जन्म

आज आपण ज्याला शब्दकोडे म्हणतो, त्याचा जन्म अमेरिकेत झाला. लिव्हरपूल येथे जन्मलेल्या आर्थर विन या पत्रकाराने ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वृत्तपत्राच्या २१ डिसेंबर १९१३ च्या अंकात पहिले कोडे छापले. त्याचा आकार शंकरपाळ्यासारखा होता आणि मधला भाग मोकळा होता. पुढे हे वेड इंग्लंडात गेले. तेथे त्याला निराळे वळण लागले. नुसता समानार्थी शब्द विचारण्याऐवजी शब्दांशी खेळून, वाचणाऱ्याला चकवून सूचना देण्याची पद्धत तेथे रूढ झाली. ‘टॉर्केमाडा’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या एडवर्ड पॉविस मेथर्स यांनी १९२६ पासून ‘ऑब्झर्व्हर’मध्ये अशी अवघड कोडी रचली. लंडनच्या ‘टाइम्स’ने १९३० साली आपले शब्दकोडे सुरू केले.

परंतु शब्दांशी खेळणे हे आपल्याला इंग्रजांनी शिकविलेले नाही. संस्कृतात बाराव्या शतकाच्या सुमारास कविराज नावाच्या कवीने ‘राघवपांडवीय’ हे काव्य लिहिले. त्यातील श्लोक एका अर्थाने वाचले तर रामायण होते आणि दुसऱ्या अर्थाने वाचले तर महाभारत होते. आपल्या मराठीत मोरोपंतांनी (१७२९–१७९४) ‘निरोष्ठ रामायण’ रचले. ते वाचताना ओठाला ओठ लागत नाही, कारण प, फ, ब, भ, म ही ओष्ठ्य अक्षरे त्यात वर्ज्य केलेली आहेत. एकनाथ महाराजांच्या भारुडात विंचू हा विंचूही असतो आणि मनातला विकारही असतो. एवढेच कशाला, आपला ‘उखाणा’ हा शब्दच पाहा. उखाणा म्हणजे कोडे, आणि उखाणा म्हणजे लग्नात नवरा-नवरीने एकमेकांचे नाव गुंफून म्हटलेल्या ओळी. दोन्हींत काहीतरी दडवून ठेवलेले असते. तेव्हा चौकोनांची आखणी परकी असली, तरी आत भरावयाचा माल आपल्या घरचा आहे.

मराठी चौकोनाचा हिशेब

इंग्रजी कोड्यात एका चौकोनात एक वर्ण बसतो. मराठीत एका चौकोनात एक अक्षर बसते. अक्षर म्हणजे व्यंजन, त्यावरील काना-मात्रा-वेलांटी-अनुस्वार आणि जोडाक्षर असल्यास तेही, असे सगळे मिळून. म्हणून ‘विद्यार्थी’ हा शब्द वि-द्या-र्थी अशा तीनच चौकोनांत मावतो. ‘महाराष्ट्र’ चार चौकोनांत आणि ‘स्वातंत्र्य’ तीन चौकोनांत बसतो. सूचनेच्या शेवटी कंसात जो आकडा असतो तो या अक्षरांचा असतो.

यातून एक गमतीदार गोष्ट निघते. इंग्रजीत एका चौकोनात येऊ शकणारे वर्ण सव्वीस. मराठीत ३४ व्यंजने धरली आणि प्रत्येकाची बाराखडी केली, तर ४०८ अक्षरे होतात. स्वर आणि जोडाक्षरे त्यात अजून धरलीच नाहीत. म्हणजे आडवा शब्द आणि उभा शब्द ज्या चौकोनात एकमेकांना छेदतात, तेथे दोन्ही शब्दांचे अक्षर योगायोगाने जुळण्याचा संभव फार कमी. जुळले, तर समजावे की आपण बरोबर वाटेवर आहोत. म्हणून मराठी कोडे रचणाऱ्याला अवघड जाते, पण सोडविणाऱ्याला त्यातील प्रत्येक छेद हा भक्कम पुरावा मिळतो.

सूचनांचे प्रकार

आता मुख्य विषयाकडे वळू. श्लेषकोड्यातील सूचना दिसायला सरळ वाक्यासारखी असते, पण तिच्या पोटात दोन भाग असतात. दोन्ही भाग एकाच शब्दाकडे बोट दाखवितात. सोडविणाऱ्याचे पहिले काम म्हणजे वाक्याचा सरळ अर्थ विसरून जाणे आणि दोन भागांमधील सांधा शोधणे. अभ्यासाच्या सोयीसाठी मी या सूचनांचे पाच प्रकार केले आहेत. उदाहरणे सर्व माझी आहेत.

पहिला प्रकार अभंग श्लेषाचा. अलंकाराच्या तासाला आपण शिकलो की, शब्द न मोडता त्याचे दोन अर्थ होत असतील तर तो अभंग श्लेष. उदाहरणार्थ : ‘देव याचा भुकेला, बाजारात कास्तकारही याचाच भुकेला. (२)’ उत्तर आहे ‘भाव’. देवाला भक्तीचा भाव हवा आणि कापूस घेऊन गेलेल्या माणसाला क्विंटलमागे भाव हवा. दुसरे उदाहरण : ‘नाटकाचा पडतो, मासिकाचा निघतो, आईचा मिळतो. (२)’ येथे तीन अर्थांनी एकच शब्द सापडतो, तो म्हणजे ‘अंक’.

दुसरा प्रकार सभंग श्लेषाचा. येथे शब्द मोडावा लागतो. ‘पुढे सज्जन, मागे मोटार, गावाला उसने देणारा. (४)’ पुढचा तुकडा ‘साव’, मागचा तुकडा ‘कार’, दोन्ही मिळून ‘सावकार’. येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. कोड्यातील फोड म्हणजे त्या शब्दाची व्युत्पत्ती नव्हे. मोटारी नव्हत्या तेव्हाही सावकार होतेच. भाषाशास्त्राच्या पेपरात कोणी ही फोड लिहू नये.

तिसरा प्रकार उलट वाचनाचा. वाल्या कोळ्याची गोष्ट आपणा सर्वांना ठाऊक आहे. तो ‘मरा, मरा’ म्हणत राहिला आणि त्यातून ‘राम’ उमटला. उलट वाचनाचे याहून जुने आणि सर्वांना माहीत असलेले उदाहरण मला सापडत नाही. लक्षात घ्यावे की उलटताना ‘रा’ चा काना ‘रा’ बरोबरच जातो, कारण आपण वर्ण उलटवीत नाही, अक्षरे उलटवितो. काही शब्द तर दोन्हीकडून सारखेच वाचता येतात : ‘पुढून वाचा, मागून वाचा, गांधीजींचे साप्ताहिक तेच राहते. (५)’ न-व-जी-व-न. अहमदाबादहून निघणारे गांधीजींचे हे गुजराती साप्ताहिक १९१९ पासूनचे.

चौथा प्रकार दडलेल्या शब्दाचा. उत्तर सूचनेतच असते, फक्त दोन शब्दांच्या सीमेवर पसरलेले असते. ‘आमचा रस्ता किती पदरी? आतच पाहा. (२)’ ‘आमचा’ मधील शेवटचे अक्षर आणि ‘रस्ता’ मधील पहिले अक्षर जोडा. ‘चार’ हे उत्तर डोळ्यांसमोरच होते. ‘आत’, ‘पोटात’, ‘दडून’ असे शब्द सूचनेत आले की या प्रकाराची शंका घ्यावी.

पाचवा प्रकार अक्षर गाळण्याचा. ‘कापूस तर आला, पण डोके उडाले, नदी वाहू लागली. (२)’ ‘कापूस’ या शब्दाचे डोके म्हणजे पहिले अक्षर ‘का’. ते काढले की ‘पूस’ उरते, आणि पूस ही आपल्याच यवतमाळ जिल्ह्यातील, पुसदजवळून वाहणारी नदी आहे. अशा सूचनेत डोके, शेपूट, कंबर, पोट असे अवयव येतात. ते अवयव माणसाचे नसून शब्दाचे असतात, एवढे समजले की काम झाले.

एक लहान कोडे सोडवून पाहू

नुसत्या वर्णनाने विषय कळत नाही. म्हणून नऊ चौकोनांचे एक छोटे कोडे मी रचले आहे. मधला चौकोन काळा आहे. पहिल्या ओळीतील पहिल्या चौकोनाला १, त्याच ओळीतील तिसऱ्या चौकोनाला २ आणि तिसऱ्या ओळीतील पहिल्या चौकोनाला ३ असे क्रमांक दिले आहेत.

आडवे शब्द
१. लोकांत असतो तो. कास्तकाराजवळ असते ते. (३)
३. साने गुरुजींनी १९४८ साली सुरू केलेली. योग्याने जन्मभर चालविलेली. (३)

उभे शब्द
१. घाव घातला आणि पहिला स्वर निघाला; बापाकडून आला. (३)
२. ‘एकावर एक ठेव ना!’ म्हटले की मांडणी झाली. (३)

वाचकांनी पुढे वाचण्यापूर्वी क्षणभर थांबून स्वतः प्रयत्न करावा.

सर्वांत सोपी सूचना आडव्या तीनची आहे. साने गुरुजींनी १५ ऑगस्ट १९४८ रोजी सुरू केलेले साप्ताहिक ‘साधना’, आणि योगी करतो तीही साधना. सा-ध-ना अशी तीन अक्षरे झाली. तिसरी ओळ भरली.

आता उभा एक. त्याचे शेवटचे अक्षर ‘सा’ असले पाहिजे, हे आपल्याला आयतेच मिळाले. घाव म्हणजे ‘वार’. गाण्यातील पहिला स्वर ‘सा’. वार आणि सा मिळून ‘वारसा’, जो बापाकडून मुलाकडे येतो. येथे छेदाचा उपयोग कसा होतो ते पाहावे. एखाद्याने घाईने ‘वारस’ लिहिले असते, तर शेवटच्या चौकोनात ‘स’ आला असता आणि आडवा शब्द ‘सधना’ असा झाला असता. असा शब्द नाही. एक काना राहिला तर शेजारचा शब्द लगेच तक्रार करतो. शुद्धलेखनाचे इतके चांगले पाठ मला दुसरीकडे मिळालेले नाहीत.

उभा दोन ‘ना’ वर संपतो, हेही ‘साधना’ने सांगितलेच आहे. ‘एकावर एक ठेव’ याला एक शब्द आहे ‘रच’. आपण कडब्याची गंजी रचतो. ‘रच ना!’ म्हटले की ‘रचना’ होते, आणि रचना म्हणजे मांडणी. हा सभंग श्लेष झाला.

राहिला आडवा एक. पहिले अक्षर ‘वा’, शेवटचे ‘र’, मधले अज्ञात. ‘वानर’? लोकांत वानर असतो असे म्हणता येईल, पण ‘कास्तकाराजवळ असते ते’ हा भाग जुळत नाही. वानर कास्तकाराजवळ असते म्हणण्यापेक्षा त्याच्या तुरीत असते म्हणावे लागेल! ‘वादर’, ‘वासर’ हेही जुळत नाहीत. उत्तर आहे ‘वावर’. समाजात वावरणाऱ्याचा वावर असतो. आणि आपल्या भागात वावर म्हणजे शेत. सूचनेत ‘तो’ आणि ‘ते’ अशी दोन लिंगे मुद्दाम वापरली आहेत. पहिला वावर पुल्लिंगी, दुसरे वावर नपुंसकलिंगी. व्याकरणाकडे लक्ष देणाऱ्याला ही खूण आधीच दिसली असेल.

भरलेले कोडे असे दिसते :

वा   व   र
र   ■   च
सा   ध   ना

प्रत्येक उत्तराची साक्ष आता मोजून पाहावी. ‘वारसा’ या शब्दाला पहिली साक्ष ‘बापाकडून आला’ या अर्थाची, दुसरी ‘वार’ अधिक ‘सा’ या फोडीची, आणि तिसरी साक्ष ‘वावर’ व ‘साधना’ या दोन शेजाऱ्यांची. तीन निरनिराळ्या दिशांनी आलेले साक्षीदार एकच गोष्ट सांगतात. मग उत्तर बरोबर आहे का, हे उद्याच्या अंकात पाहण्याची गरजच काय?

साक्ष नसलेली कोडी

अशी साक्ष नसलेली कोडीही आपल्या देशात होऊन गेली, आणि त्यांनी लोकांचे पैसे बुडविले. स्वातंत्र्याच्या आगेमागे बक्षिसाच्या शब्दकोड्यांचे मोठे पेव फुटले होते. प्रवेश फी भरावयाची, कुपन भरून पाठवावयाचे आणि हजारो रुपयांच्या बक्षिसाची वाट पाहावयाची, असा तो प्रकार होता. त्या कोड्यांतील सूचना कशा असत, हे समजण्यासाठी मी एक नमुना तयार केला आहे : ‘हे मिळाले की गरीब मनुष्य सुखी होतो : — न.’ रिकाम्या जागी ‘ध’ घातला तर धन होते, ‘मा’ घातला तर मान होतो. दोन्ही उत्तरे योग्य वाटतात. दोहोंपैकी कोणते खरे, हे ठरविणारे काहीही त्या वाक्यात नाही. खरे उत्तर संयोजकाच्या मोहोरबंद पाकिटात. तेथे भाषेचे ज्ञान निरुपयोगी ठरते. उरतो तो केवळ छापा-काटा.

संसदेने १९५५ साली बक्षीस स्पर्धांचा कायदा केला. एका महिन्यात एकूण एक हजार रुपयांपेक्षा अधिक बक्षिसे देऊ नयेत आणि एका स्पर्धेत दोन हजारांपेक्षा अधिक प्रवेशिका घेऊ नयेत, अशी बंधने त्यात होती. बंगळूरहून निघणाऱ्या ‘स्पोर्टिंग स्टार’ या पत्रातून शब्दकोड्यांच्या स्पर्धा चालविणारे आर. एम. डी. चमारबागवाला हे न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली दिलेल्या निकालांत एक स्पष्ट भेद केला. ज्या स्पर्धेतील यश मुख्यत्वे कौशल्यावर अवलंबून असते ती निराळी, आणि ज्या स्पर्धेतील यश मुख्यत्वे नशिबावर अवलंबून असते ती जुगाराच्या सदरात पडते. जुगाराला व्यापाराचे स्वातंत्र्य मागता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. आपला विदर्भ १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यात आला होता, त्याच सुमाराची ही गोष्ट.

मला या निकालात कायद्यापेक्षा भाषेचा धडा अधिक दिसतो. शब्द तोच, चौकोन तेच. पण एका कोड्यात उत्तर शब्दातून निघते आणि दुसऱ्यात ते कोणाच्या तरी मर्जीतून निघते. श्लेष हा फसवणुकीचा अलंकार आहे, असे काही जण म्हणतात. मी म्हणेन की श्लेष चकवितो खरा, पण फसवीत नाही. चकविलेल्या माणसाला उत्तर सापडले की तो स्वतःच हसतो. फसविलेला मनुष्य हसत नाही.

अर्धा शब्द पुस्तकात, अर्धा घरात

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. आई चौथीपर्यंत शिकली, बाबा सातवीपर्यंत. आजीला अक्षरओळख नाही. साहजिकच कोडे सोडवायला लागले तेव्हा मला वाटे की हा खेळ ज्यांच्या घरी पुस्तकांचे कपाट आहे त्यांचा. अनुभव मात्र निराळा आला.

एकदा मी एक सूचना मोठ्याने वाचीत होते : ‘मंत्र्यांच्या खांद्यावर, शेजाऱ्यांच्या भांडणात. (२)’ पहिला भाग मला पाठ्यपुस्तकामुळे कळला. राज्यकारभाराची धुरा खांद्यावर घेतात, हे वाक्य आपण सर्वांनी निबंधात लिहिले आहे. परंतु भांडणाचा संबंध मला लागेना. आजी सरकी बाजूला सारीत बसली होती. ती म्हणाली, “भांडन कायचं असते व? धुऱ्याचंच असते ना! आपल्या वावराचा धुरा किती खेपा कोरला तेइनं, तुले मालूम नाई?” धुरा म्हणजे दोन शेतांमधील बांध. राज्याची ती धुरा, वावराचा तो धुरा. आजीला पहिला अर्थ ठाऊक नव्हता आणि मला दुसरा सुचला नव्हता. उत्तर पुरे व्हायला दोघी लागलो.

तेव्हापासून मी अशा शब्दांची एक वही केली आहे. ‘पात’ म्हणजे कांद्याची पात, आणि निंदण करताना बाईने धरलेली ओळ तीही पात. ‘तास’ म्हणजे साठ मिनिटे, आणि नांगराने पाडलेली रेघ म्हणजेही तास. आपण शाळेत आलो की घरचा अर्थ दाराबाहेर ठेवतो आणि पुस्तकातला अर्थ आत नेतो. श्लेषाच्या कोड्यात मात्र एका अर्थावर काम भागत नाही. दाते आणि कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’त, जो १९३२ ते १९३८ या काळात सात विभागांत प्रसिद्ध झाला, वऱ्हाडी शब्दांपुढे ‘(व.)’ अशी खूण केलेली असते. ज्या शब्दांना आपण वर्गात उच्चारायला लाजतो, ते त्या थोर ग्रंथात मानाने बसले आहेत. बोली ही अशुद्ध भाषा नव्हे, हे वाक्य आपण पाठ करतो. शब्दकोशात ती खूण शोधली म्हणजे ते पटते.

दुसरा प्रसंग कोड्याचा नव्हे, पण त्याच्याशी संबंध असलेला आहे. दोन वर्षांपूर्वी बाबांनी कर्जाचा एक कागद घरी आणला आणि मला वाचायला दिला. त्यात ‘तारण’ हा शब्द चार ठिकाणी होता. आजीने ऐकून विचारले, “तारन म्हंजे तारनारंच ना व?” तिचे काही चुकले नव्हते. तारणे म्हणजे बुडणाऱ्याला वाचविणे, म्हणूनच आपण देवाला तारणहार म्हणतो. परंतु कागदावरील तारण म्हणजे कर्ज फिटेपर्यंत अडकवून ठेवलेली वस्तू. येथे ती वस्तू म्हणजे आमचे वावर होते. कोणते वावर आणि कोणत्या तारखेपर्यंत, या दोन्ही जागा कागदावर रिकाम्या होत्या. ‘ते नंतर भरू, तुम्ही सही करा’ असे बाबांना सांगण्यात आले होते.

मी बाबांना म्हटले की, या वाक्यात दुसरा अर्थ दडायला जागा आहे, ती आधी भरून घ्या. बाबांनी सही न करता कागद परत नेला. वावराचा गट नंबर आणि मुदतीची तारीख दोन्ही लिहून मिळाल्यावरच त्यांनी सही केली. त्यासाठी त्यांना तीन खेपा माराव्या लागल्या. कर्ज मिळाले, आणि त्या हंगामानंतर ते फिटलेही. मी काही कायदा शिकलेली नाही. वाक्य वाचताना ‘याचा दुसरा अर्थ काय होईल?’ एवढे विचारण्याची सवय मला चौकोनांनी लावली होती.

नंतर मी वहीत ही सूचना लिहिली : ‘बुडू नये म्हणून ठेवावे, ठेवले की बुडायची भीती. (३)’ उत्तर वाचकांना आता सांगायला नको.

समारोप

नव्याने सुरुवात करणाऱ्या विद्यार्थीमित्रांसाठी चार गोष्टी सांगून हा लेख पुरा करते. प्रथम, कंसातील आकडा पाहून अक्षरे मोजावी, वर्ण नव्हे. दुसरे, सूचनेतील ‘तो, ती, ते’ आणि एकवचन-अनेकवचन यांकडे दुर्लक्ष करू नये. कोडे रचणारा खरी खूण पुष्कळदा तेथेच ठेवतो. तिसरे, एका बाजूने जुळणारे उत्तर पेन्सिलने लिहावे आणि दुसऱ्या बाजूने जुळले की मगच पेनने पक्के करावे. चौथे आणि महत्त्वाचे म्हणजे, अडल्यास शब्दकोश उघडावा, आणि शब्दकोशाने भागले नाही तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारावे. वरील वही मी अशीच भरीत आणली असून, पुढील वर्षी तिच्यातील शब्द घेऊन मोठे कोडे रचण्याचा माझा विचार आहे. तिच्यात भर घालण्यासाठी आपापल्या गावचे शब्द मला सांगावेत, अशी सर्व वर्गबंधू-भगिनींना विनंती आहे. कोलामी आणि गोंडी बोलणाऱ्या मित्रमैत्रिणींनी तर अवश्य सांगावेत, कारण त्यांच्या गावच्या मराठीत असे काही शब्द असतील जे माझ्या आजीलाही ठाऊक नाहीत.

सरावासाठी पाच सूचना देत आहे.

१. नऊ उलटले की जंगल लागते. (२)
२. घरात आईबाप, पातेल्यात भाजी. (३)
३. मराठी व्याकरणात दोन, रामाचे एकच. (३)
४. मास्तर घड्याळात पाहतात, नांगर जमिनीत पाडतो. (२)
५. एक धान्य आणि एक वस्ती, मिळून आमचे ठिकाण. (४)

उत्तरे : १. वन (नव उलटून) २. पालक ३. वचन ४. तास ५. राळेगाव (राळे हे धान्य, अधिक गाव, ही कोड्याची फोड आहे, गावाच्या नावाचा इतिहास नव्हे)